बैठकीच्या खोलीतला डंक

मित्रांनो, मी एक जुना डंक आहे. मिरची कांडायचा डंक. खाली ओतीव लोखंडाचं उखळ, वर दोन मुसळं, बाजूला एक मोटर आणि तिच्यापासून माझ्या चाकापर्यंत आलेला पट्टा, एवढाच माझा देह. बटण दाबलं की एक मुसळ वर जातं, दुसरं खाली येतं आणि भिंतीवरची कॅलेंडरं हलायला लागतात. मला रूप नाही. रंगही फारसा उरलेला नाही. पण मी नाशिकमध्ये, सिडकोतल्या पवननगरात, एका घराच्या बैठकीच्या खोलीत उभा आहे, आणि इथून हलायचं माझ्या मनात नाही. मला हलवायचा घाट लोकांनी दोनदा घातला. दोन्ही वेळा काय झालं, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा फाउंड्रीत झाला. नव्वद सालानंतरचा तो काळ. सातपूरला आणि अंबडला नवनव्या शेड उभ्या राहत होत्या आणि खेड्यापाड्यांतली तरुण मुलं सायकलच्या हँडलला डबा अडकवून कामाला येत होती. त्यांच्यातल्याच कुणीतरी वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर माझ्या अंगाची वाळू झाडली, कानशीने कडा घासल्या आणि मला हिरवा रंग दिला.

मला पहिलं घर मिळालं ते पंचवटीत, पेठ रस्त्याला. खंडेराव नावाच्या गिरणीवाल्यांनी मला पिठाच्या चक्कीशेजारी बसवलं. ते मला जपत. काम संपलं की उखळ कोरडं पुसत, मुसळांच्या दांड्यांना तेल देत. उन्हाळ्यात माझ्यापुढे बायकांच्या पिशव्यांची रांग लागे आणि खंडेराव अभिमानाने सांगत, की असा बारीक मसाला अख्ख्या पंचवटीत दुसरीकडे मिळणार नाही. मला वाटे, आपला जन्म इथेच जाणार.

पण खंडेराव थकले आणि गिरणी मुलांच्या हातात गेली. मुलांनी अर्ध्या दुकानात एसटीडी बूथ काढला. माझ्या आवाजात फोनवर बोलणाऱ्याला पलीकडचं काही ऐकू येईना. फोन धूळ न उडवता, आवाज न करता कमाई करत होता, मग माझी गरज कुणाला? अंबड लिंक रोडवरच्या एका भंगाराच्या वखारीत मी जाऊन पडलो. दोन पावसाळे माझ्या अंगावरून गेले. मुसळं गंजली, पट्टा उंदरांनी खाल्ला. वखारवाल्याची एक कोंबडी माझ्या उखळात अंडी घालायला बसायची. आधी मला त्याचं फार वाईट वाटलं. पुढे तिची ऊब बरी वाटायला लागली, हेही खोटं कशाला सांगू?

तिथे मला सुवर्णाबाई भेटल्या.

सुवर्णाबाई मखमलाबादच्या. त्यांचे वडील भिमाजी मळ्यात झेंडू आणि शेवंती करत आणि पहाटे फुलांचे भारे शहरात आणून विकत. भारे बांधता बांधताच ही मुलगी मोठी झाली. लग्न झालं ते वाल्मीकरावांशी. वाल्मीकराव लासलगावकडच्या एका खेड्यातले. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेले. त्या कारखान्यात विजेची बटणं बनत. नोकरी कायम झाली आणि दोघांनी मिळून सिडकोच्या घरासाठी अर्ज केला. घर मिळालं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे नळाचं इवलंसं अंगण. कागदावर नावं दोघांची. दोघांच्याही घराण्यात शहरात स्वतःचं घर असलेलं ते पहिलंच जोडपं. मुलगी झाली, तिचं नाव प्रतिभा ठेवलं. सगळं कसं मार्गी लागलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली कारखान्याच्या मालकाने दुसऱ्या राज्यात नवा कारखाना काढला आणि अंबडच्या गेटला कुलूप लावलं. कामगार गेटसमोर बसले. आज उघडेल, उद्या उघडेल, असं करता करता वर्ष सरत आलं. वाल्मीकराव रोज सकाळी डबा घेऊन निघत, गेटसमोरच्या कडुलिंबाखाली इतरांबरोबर बसत, दुपारी तिथेच डबा खात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येत. सुवर्णाबाई रोज डबा भरून देत. त्यांनी नवऱ्याला कधी विचारलं नाही, की आज काम काय केलंत.

पण त्यांची नजर घराबाहेर फिरत होती. पवननगरची घरं वाढत होती, माणसं वाढत होती, आणि मसाला कांडायचा झाला तर गल्लीतल्या बायका मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने थेट पंचवटीला जात होत्या. अर्धा दिवस त्यातच जाई. सुवर्णाबाईंच्या मनात एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. त्या माहेरी गेल्या आणि वडिलांपुढे बसल्या. भिमाजीबाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दसऱ्याच्या झेंडूचे आलेले पैसे त्यांनी लेकीच्या हातावर ठेवले.

"फुलं काय, दुसऱ्या दिशी सुकून जात्यात," ते म्हणाले. "तू लोखंड घे, पोरी."

म्हणून त्या वखारीत आल्या होत्या. त्यांनी कोंबडीला हलक्या हाताने बाजूला केलं, माझ्या उखळात हात फिरवला, तडा गेलाय का ते पाहिलं, आणि वखारवाल्याशी अशी काही घासाघीस केली की तो शेवटी म्हणाला, ताई, घेऊन जा, पण आता बोलू नका.

घरी मात्र माझं स्वागत काही झालं नाही. वाल्मीकराव दारातच थबकले. बैठकीच्या खोलीत हे धूड ठेवणार, मग पाहुणे आले तर त्यांना बसवायचं कुठे, असं त्यांनी विचारलं.

"पाहुणे आता येतात तरी का आपल्याकडे?" सुवर्णाबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. गेटला कुलूप लागल्यापासून त्या घरी चहालाही कुणी फिरकलं नव्हतं. वाल्मीकराव आत निघून गेले. शहरातून एक मेकॅनिक आला, त्याने फरशी फोडून माझ्यासाठी पाया भरला, बोल्ट आवळले, नवा पट्टा चढवला. वाल्मीकराव स्वतः फिटर, पण त्यांनी माझ्या एका नटालाही हात लावला नाही.

पहिले काही दिवस कुणीच आलं नाही. सुवर्णाबाई दार उघडं ठेवून बसून राहत. मग एका सकाळी समोरच्या घरातल्या गोदावरीबाई आल्या. त्यांचे यजमान चिंतामणराव बँकेत होते आणि घर सोवळ्याओवळ्याचं. त्यांच्या पिशवीत गोड्या मसाल्याचं सामान होतं. दुसऱ्याच्या मसाल्याचा वास लागायला नको, एवढंच त्या संकोचून म्हणाल्या. सुवर्णाबाईंनी त्यांच्यासमोर उखळ पुसलं, आधी मूठभर ज्वारी कांडून ती टाकून दिली, पुन्हा पुसलं आणि मगच धणे ओतले. गोदावरीबाईंनी घरी जाऊन आमटी केली, आणि दुपारपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली.

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी पुन्हा तरुण झालो. चैत्र लागला आणि पिशव्या दाराबाहेर ओट्यापर्यंत आल्या. कुणाची संकेश्वरी मिरची, कुणाची लवंगी, कुणाचं काळ्या मसाल्याचं भाजलेलं खोबरं आणि कांदा. बायका भिंतीला टेकून बसत, पदराने नाक झाकत आणि घरच्या गोष्टी बोलत. माझ्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागे, त्यामुळे गुपित असं काही उरत नसे. कुणाच्या नवऱ्याचा कारखाना अर्धा चालतोय, कुणाला ठेकेदाराने पुन्हा बोलावलं नाही, कुणाच्या घराचा हप्ता थकलाय, हे सगळं मी ऐकलं. सुवर्णाबाईंचे हात संध्याकाळपर्यंत भाजल्यासारखे होत. त्या ते थंड ताकात बुडवून बसत. पण प्रतिभाच्या शाळेची फी वेळेवर गेली, आणि दुधाचा रतीब बंद झाला नाही.

आणि तेव्हाच कोंडाजी आले.

कोंडाजी म्हणजे वाल्मीकरावांचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. तेही त्याच कारखान्यात होते आणि त्यांचंही सिडकोतच, दोन चौक पलीकडे घर होतं. त्यांनी ते विकायचं ठरवलं होतं. शहरात आता काही राम राहिलेला नाही, असं ते म्हणत. दोघा भावांनी घरं विकायची, गावी जायचं, एक जीप घ्यायची आणि लासलगाव ते चांदवड प्रवासी वाहायचे, असा त्यांचा बेत होता. वाल्मीकरावांना तो पटला. पटणारच. लिंबाखाली बसून बसून ज्याचं मन आंबलंय, त्याला कुठलीही चालती गाडी बरीच वाटते. त्यांनी घरात न सांगता एका दलालाकडून बयाणा घेतला.

एका सकाळी आबा, वाल्मीकराव आणि तो दलाल असे तिघे बैठकीच्या खोलीत येऊन बसले. दलालाने स्टुलावर कागद मांडले आणि अगदी गोड आवाजात सुवर्णाबाईंना सांगितलं, की फक्त एक सही बाकी आहे. सुवर्णाबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात कुणाच्यातरी लवंगी मिरच्यांनी भरलेलं सूप होतं. त्यांनी कागदांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. वाल्मीकरावांनी मान वर केली नाही. तेव्हा त्यांना सगळं कळलं.

"बाहेर बायका थांबल्यात," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचं काम करते."

आणि त्यांनी मिरच्या उखळात ओतून बटण दाबलं.

मित्रांनो, लवंगी मिरची म्हणजे काय, हे ज्याने कांडताना पाहिलंय त्यालाच कळेल. त्या दिवशी दारंखिडक्या सुवर्णाबाईंनी उघडलेल्या नव्हत्या. मीही माझ्याकडून काही कमी पडू दिलं नाही. दलाल आधी खाकरला, मग शिंकला, मग त्याचे डोळे असे वाहायला लागले की कागदावरची अक्षरं त्याला दिसेनात. आबांनी मोठ्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवून खोकत सुटले. दलाल उठला, चुकीची चप्पल पायात घालून रस्त्यावर गेला, आणि ओट्यावरच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या.

पण हसण्यावारी जाणारी ती गोष्ट नव्हती. दलाल गेला तरी आबा गेले नाहीत. त्यांनीच पुढे होऊन बटण बंद केलं. आजवर दुसऱ्या कुणी असं केलं नव्हतं. खोलीत एकदम शांत झालं.

"हे घर तुझ्या बापानं दिलंय का?" आबांनी विचारलं.

सुवर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. थोरल्या दिरासमोर त्या आजवर कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या.

"नाही, आबा. पण अर्जावर माझं नाव आहे, आणि ते नाव मी पुसणार नाही. गावाला गेलो तर तुमच्या वाड्यात आम्ही पाहुणे. इथं ओट्यावर उभं राहिलं तरी मी घरधनीण आहे."

"आणि खाणार काय?"

"कंपनीचं गेट बंद झालं, आमचं दार नाही झालं. ते उघडं आहे तोवर खाऊ."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की घेतलेला बयाणा आजच्या आज परत करून या. वाल्मीकरावांनी तो परत केला. पण संध्याकाळी त्यांनी आपल्या कपड्यांची पिशवी भरली आणि ते भावाबरोबर गावी निघून गेले. प्रतिभा दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सुवर्णाबाई तेव्हा रडल्या नाहीत, आणि नंतर रडल्या असतील तर मिरचीचं कारण त्यांना होतंच.

पुढचे महिने मी विसरणार नाही. एकट्या बाईचं घर म्हणजे येणाराजाणारा सल्ला देणारच. नवऱ्यापेक्षा यंत्र मोठं झालं का, असंही कुणी म्हणालं. सुवर्णाबाई पुढची पिशवी उखळात ओतत. पावसाळा आला तसं मिरचीचं काम संपलं. ओल्या हवेत कोण मसाला करतं? तेव्हा त्यांनी हळद कांडली, धणेपूड केली, शेजारच्या लताबाईंना सोबतीला घेतलं आणि पुड्या करून पवननगरच्या बाजारात बसल्या. लताबाईंचा नवरा त्याच गेटवर बसलेला. दोघी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन भाजीवाल्यांच्या ओळीत बसत. काही दिवस पुड्या तशाच परत येत, आणि त्या दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवर बसत. माझ्याकडे मात्र दुर्लक्ष झालं. तेल द्यायला कुणाला वेळ नव्हता आणि माझ्या पोटातलं दुखणं सुवर्णाबाईंना उमगत नव्हतं. मी करकरत चाललो. थांबलो नाही.

दिवाळी तोंडावर आली असताना वाल्मीकराव परत आले. गावी जीप आली होती, पण तिला एकच चालक लागत होता आणि तो आबांचा मुलगा होता. वाल्मीकराव लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलत होते. ते बरेच वाळले होते. दारात येऊन ते तसेच उभे राहिले. आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. सुवर्णाबाई हळद कांडत होत्या. त्यांनी काम थांबवलं नाही. माझ्या आवाजात काय बोलणार? वाल्मीकराव थोडा वेळ मान कलती करून ऐकत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, आत येऊन बटण बंद केलं आणि माझ्या चाकाजवळ वाकले.

"बेअरिंग कोरडं चाललंय," ते म्हणाले. "तेल कोण घालतं याला?"

"ज्याला कळतं, तो गावाला गेला होता," सुवर्णाबाई म्हणाल्या.

वाल्मीकरावांनी पलंगाखालून आपली हत्यारांची पेटी ओढली. ती पेटी कुलूप लागल्यापासून उघडलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला खिळान्‌खिळा सुटा केला, प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, बेअरिंग बदललं, पट्टा सरळ केला. प्रतिभा शेजारी बसून त्यांच्या हातात पाने देत होती. मग सुवर्णाबाई आतून म्हणाल्या, की हात धुऊन घ्या, वाढते. झालेल्या गोष्टीबद्दल त्या घरात यापेक्षा जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही.

गेट काही उघडलं नाही. वाल्मीकराव पुढे अंबडलाच एका ठेकेदाराकडे लागले. काम तेच, हात तेच, पण नोकरी कायमची नाही. ठेकेदार म्हणेल तेव्हा काम, नाही म्हणेल तेव्हा घरी. घरी बसले की ते माझ्यावर काम करत. आता त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. पाळीला जाणारे मित्र दारावरून जाताना हाक मारत आणि ते तिखटाने लाल झालेला हात वर करत.

वर्षं गेली. त्रिमूर्ती चौकापासून पवननगरपर्यंत एकेक बैठं घर वर चढलं. ज्यांनी घाबरून घरं विकली होती, त्यांना तीच घरं आता दुरून बघावी लागत होती. आबांची जीप कर्जात गेली, आणि ते पुन्हा शहरात आले तेव्हा त्यांना सिडकोत एक खोली भाड्याने घेणंही जड जात होतं. तोवर सुवर्णाबाईंनी घरावर मजला चढवला होता. आबा खाली मान घालून खोली मागायला आले. सुवर्णाबाईंनी त्यांना चहा दिला, वरची खोली दिली, आणि बाहेर जे भाडं चाललं होतं तेच सांगितलं. लताबाईंना वाटलं, नात्यात जरा कमी करायला हवं होतं. सुवर्णाबाई म्हणाल्या, की कमी केलं तर त्यांना ती भीक वाटेल. भाडं दिलं तर ताठ मानेने जिना चढतील.

सगळं गोडगोड होतं असं समजू नका. शेजारी एक नवं कुटुंब राहायला आलं. त्यांच्या घरात लहान बाळ होतं आणि माझ्या ठसक्याने ते रडे. त्यांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. सुवर्णाबाईंनी ती ऐकून घेतली. वाल्मीकरावांनी पत्र्याचं नळकांडं बनवलं, पंखा बसवला आणि माझी धूळ थेट छपराच्या वर सोडली; बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून तेव्हा मला गप्प ठेवलं. पण शेजारी डंक बंदच करा म्हणाले तेव्हा, बंद होणार नाही, असंही दोघांनी स्पष्ट सांगितलं. दुकानांत चकचकीत पाकिटातले मसाले आले. टीव्हीवर त्यांच्या जाहिराती लागत. माझी रांग थोडी आखडली. तरी ज्यांना आपल्या घरची चव हवी होती, त्या बायका पिशवी घेऊन येतच राहिल्या.

प्रतिभा शिकली. सातपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागाची सुपरवायझर झाली. दोन हजार सात साली तिला ओझरचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा विमानाच्या कारखान्यात कायम. कायम हा शब्द त्या घरात किती मोठा होता, हे तुम्हाला आता सांगायला नको. वाल्मीकराव पंधरवडाभर आनंदात होते. भिंतींना रंग लागला. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगी पसंत पडली, मुलगाही बरा बोलला. मग त्याच्या आत्या, कलाबाई, खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या, की साखरपुड्याला मोठी माणसं येतील, तोवर हे यंत्र इथून काढून टाका. आणि एकदा काढलंच आहे तर पुन्हा लावू नका, उद्या सोयरे म्हणतील, मिरची कांडणारणीची मुलगी केली.

सुवर्णाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, ज्या बाईने थोरल्या दिराला उत्तर दिलं होतं, तिला त्या क्षणी शब्द सुचेना. लेकीचा प्रश्न होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, झालं. माझे दिवस संपले. लेकीसाठी आई काय सोडत नाही? मला तिचा राग आला नसता.

बोलले ते वाल्मीकराव. सगळ्या कार्यक्रमात ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून होते. ते उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला.

"बाई, माझा कारखाना बंद पडला तेव्हा मी हे घर विकायला काढलं होतं," ते म्हणाले. "ज्या खुर्चीवर तुम्ही बसलात, ती खुर्ची, ती भिंत आणि ही मुलगी, सगळं या डंकावर उभं आहे. खोलीत जागा कमी पडत असेल, तर आम्ही पाहुणे कमी बोलावू. डंक जागचा हलणार नाही."

मुलाने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी चहाच्या कपाकडे. थोड्या वेळाने सगळे नमस्कार करून उठले आणि कळवतो म्हणाले. त्यांनी काय कळवलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ते गेल्यावर खोलीत शिऱ्याच्या भरलेल्या बश्या तशाच होत्या. सुवर्णाबाई खाली बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, की तुझं नुकसान झालं गं. प्रतिभा आत गेली. तिने जरीची साडी सोडून जुना पंजाबी ड्रेस घातला, ओढणी नाकाला बांधली आणि बाहेर आली. ओट्यावर सकाळपासून तीन बायकांच्या पिशव्या पडून होत्या.

"आई, शिरा खा," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीही. तोवर मी एवढं उरकते."

आणि तिने बटण दाबलं.

तिचं लग्न पुढे झालं. मुलाचं गॅरेज होतं, आणि सुवर्णाबाईंना भेटायच्या आधी त्याने माझाच पट्टा तपासला होता, म्हणून तो मला आवडला. प्रतिभा आता नाशिकरोडला असते, पण उन्हाळ्यात रविवारी येते आणि आईच्या हाताला विश्रांती देते. माझी मुसळं झिजली आहेत. उखळाला एका बाजूने खळगा पडला आहे. सुवर्णाबाईंचे गुडघे दुखतात, वाल्मीकरावांना चष्मा लागला आहे. आम्ही तिघेही जुने झालो.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. शिलाई यंत्र असेल, हातगाडी असेल, पापडाचं लाटणं असेल, वडिलांची रंग उडालेली मोपेड असेल. पाहुणे येणार म्हणून त्याच्यावर चादर टाकू नका. त्याला तेल द्या, त्याची धूळ पुसा आणि ते कुणाच्या हाताने चालतं, त्या हाताकडे एकदा नीट बघा. मोठमोठी गेटं बंद होतात आणि त्यांचे मालक दुसऱ्या गावी जातात. आमच्यासारखी यंत्रं कुठे जात नाहीत.

आणि कधी पवननगरच्या आमच्या गल्लीतून गेलात आणि ठसका लागला, तर रुमाल खुशाल नाकाला लावा. तोंड मात्र वाकडं करू नका. आत एक बाई आपल्या घरात, आपल्या नावावर, ताठ उभी आहे.